मातीत भाजलेल्या कथा

भारतीय शिल्पाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष आधी दगडाकडे आणि धातूकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण लेणी, मंदिरे आणि उत्सवमूर्ती आजही डोळ्यांसमोर उभ्या आहेत. तथापि एखाद्या गोष्टीतील माणसे, प्राणी, देव आणि राक्षस एका चौकटीत आणून त्यांच्यात काही तरी घडत असल्याचे दाखवण्याचे काम या देशात मातीने जितक्या विपुलतेने केले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही माध्यमाने क्वचितच केले असेल. भारहूत आणि सांची येथे दात्यांच्या द्रव्यातून जातककथा दगडावर कोरल्या जात होत्या, त्याच सुमारास गंगा-यमुनेच्या खोऱ्यातील नगरांमध्ये हातात सहज मावतील असे मातीचे फलक साच्यांतून भराभर निघत होते, आणि त्यांवरही कथा होत्या. दगडातील कथेला राजा, श्रेष्ठी किंवा संघ यांचा आश्रय लागे. मातीच्या फलकाला कुंभाराची भट्टी आणि ती कथा आधीपासून माहीत असलेला एखादा गृहस्थ एवढे पुरत असे.

भाजलेल्या मातीच्या शिल्पाला मराठीत मृण्मूर्ती किंवा पक्वमृदा शिल्प म्हणतात, आणि टेराकोटा हा इटालियन शब्दही आता आपल्याकडे रुळला आहे. संस्कृत वाङ्मयात मातीने आकृती घडवण्याच्या कलेला ‘पुस्तकर्म’ अशी संज्ञा आहे, तर ओल्या मातीचा लेप देऊन मूर्ती घडवणाऱ्या कारागिराला ‘लेप्यकार’ म्हटले आहे. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त राज्यश्रीच्या विवाहाच्या तयारीचे जे वर्णन केले आहे, त्यात लेप्यकारांचे जथे मासे, कासवे, मगरी, नारळ आणि केळी मातीत घडवत असल्याचा उल्लेख येतो. इ.स. सातव्या शतकातील राजवाड्यात लग्नघर सजवायला सोनार आणि चित्रकारांच्या बरोबरीने मातीचे कारागीरही बोलावले जात, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

या कलेचे सगळे बळ आणि सगळे दौर्बल्य मातीच्या गुणधर्मांत आहे. नदीकाठची गाळाची माती कालवून, तुडवून, तिच्यातले खडे वेचून आणि वाळू, भाताचे तूस किंवा जनावरांची लीद मिसळून ती कामासाठी तयार करतात. ही मिसळण केली नाही तर वाळताना माती तडकते, आणि आत कोंडलेल्या ओलाव्याची भट्टीत वाफ होऊन मूर्ती फुटते. वाळताना आणि भाजताना माती आकसते, म्हणून कारागिराला पहिल्यापासूनच मूर्ती थोडी मोठी कल्पावी लागते. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला मातीच्या कणांत रासायनिक रूपाने बांधलेले पाणी निघून जाते, आणि त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. भट्टीत हवा खेळती असेल तर मातीतील लोहामुळे मूर्तीला तांबडा रंग येतो, आणि हवा कोंडली असेल तर ती राखाडी किंवा काळी निघते. पेणच्या शाडूच्या गणपतीला भट्टी दाखवत नाहीत, कारण त्याला विसर्जनाच्या दिवशी पाण्यात विरघळून जायचे असते; ज्या कथा टिकाव्यात अशी कारागिराची इच्छा होती, त्या मात्र त्याने आव्यात भाजून काढल्या.

अशा टिकलेल्या कथांमध्ये कौशाम्बीच्या एका फलकाला विशेष मान द्यावा लागेल. यमुनेच्या काठी, आजच्या प्रयागराजजवळ वसलेली कौशाम्बी ही वत्स देशाची राजधानी होती, आणि तेथील राजा उदयन हा प्राचीन भारतीय कथावाङ्मयाचा सर्वांत लाडका नायक होता. त्याची वीणा ऐकून रानटी हत्तीही वश होत, अशी त्याची ख्याती होती. उज्जयिनीचा राजा प्रद्योत याने त्याच्या या नादाचाच फायदा घेतला. त्याने एक कृत्रिम हत्ती बनवून त्याच्या आड सैनिक दडवले, उदयनाला पकडले आणि त्याच्याकडून आपली कन्या वासवदत्ता हिला विद्या शिकवण्याचा घाट घातला. पाली परंपरेत, म्हणजे ‘धम्मपदा’वरील अट्ठकथेत, ही गोष्ट अधिकच रंगली आहे. शिष्या कुबडी आहे असे गुरूला सांगण्यात आले, गुरू कुष्ठरोगी आहे असे शिष्येला सांगण्यात आले, आणि दोघांच्या मध्ये पडदा टाकण्यात आला. पुढे एकदा पाठ चुकला, शब्दाने शब्द वाढला, त्याने तिला कुबडी म्हटले, तिने त्याला कोडी म्हटले, आणि मग रागाच्या भरात पडदा बाजूला झाला. त्यानंतर दोघांनी भद्रवती नावाच्या वेगवान हत्तिणीवर बसून पळ काढला, आणि पाठलाग करणाऱ्या सैनिकांना थोपवण्यासाठी वाटेत नाण्यांच्या आणि सोन्याच्या थैल्या रिकाम्या केल्या.

कौशाम्बीच्या कारागिराने या लांबलचक कथेतून नेमका हा शेवटचा क्षण निवडला. इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातील हा फलक आता वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. त्यावर हत्तीण धावते आहे, तिच्या पाठीवर तिघे आहेत, आणि सर्वांत मागे बसलेल्याने, म्हणजे उदयनाचा सोबती वसंतक याने, हातातील थैली उलटी केली आहे. नाणी खाली ओघळत आहेत आणि पाठलागावर आलेले लोक ती वेचण्यात गुंतले आहेत. एवढ्याशा जागेत धावणे, पडणे आणि वेचणे या तीन क्रिया एकाच वेळी चालू आहेत, आणि पाहणाऱ्याची नजर हत्तिणीच्या पाठीवरून त्या ओघळणाऱ्या नाण्यांच्या मागोमाग आपोआप खाली उतरते. कृत्रिम हत्ती, पडदा, कुबड आणि कोड यांतले काहीही फलकावर नाही. ते दाखवण्याची गरजही नव्हती, कारण फलक घेणाऱ्याला ते सगळे तोंडपाठ होते. उज्जयिनीच्या परिसरातील गावांमध्ये उदयनाच्या कथा जाणणारी वृद्ध मंडळी असत, याची नोंद कालिदासाने ‘मेघदूता’त केली आहे. कारागिराचा सारा भरवसा अशा वृद्धांवर होता. त्याने फक्त एक क्षण समोर ठेवला, आणि उरलेली कथा घरातल्या कोणी तरी सांगायची होती.

या फलकाचा महाराष्ट्राशी एक जुना धागा जुळतो. उदयनाचा पुत्र नरवाहनदत्त हा ज्या कथाग्रंथाचा नायक आहे, ती पैशाची भाषेतील ‘बृहत्कथा’ गुणाढ्याने रचली आणि हा गुणाढ्य प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारात होता, असे परंपरा सांगते. मूळ ग्रंथ लुप्त झाला आणि त्यातील कथा पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त संस्कृतात आणल्या. ग्रंथ नष्ट झाला, पण त्याच्या नायकाच्या मातापित्यांचे पलायन मातीत शाबूत राहिले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी जितकी मनावर घ्यायला हवी तितकी घेतलेली दिसत नाही.

असे फलक मोठ्या संख्येने निघू शकले ते साच्यामुळे. कुशल कारागीर आधी एक मूळ आकृती घडवत असे, तिच्यावर ओली माती दाबून उलटा ठसा घेत असे, आणि तो ठसा भाजला की साचा तयार होत असे. त्यानंतर साच्यात मातीचा थर बोटांनी दाबून बसवायचा, थोडा सुकू द्यायचा आणि अलगद सोडवून घ्यायचा, एवढेच काम उरे. अशा फलकांच्या पुढच्या बाजूला दागिन्यांचा मणी न् मणी मोजता येतो, आणि मागची बाजू पाहिली तर तेथे ती माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे दोन हजार वर्षांनंतरही उमटलेले असतात. अनेक फलकांच्या वरच्या कडेला भोके आहेत, त्यावरून ते घराच्या भिंतीवर टांगले जात असावेत असे मानतात. बंगालमधील चंद्रकेतुगढ आणि तामलुक येथेही याच काळातील असेच नाजूक फलक मिळाले. केशरचनेत शस्त्रांच्या आकाराच्या पिना खोवलेल्या तेथील स्त्रिया यक्षिणी आहेत, देवी आहेत की एखाद्या अप्सरेच्या कथेतील पात्रे आहेत, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, या सातवाहनकालीन व्यापारी नगरात पुढचा आणि मागचा असे दोन साचे वापरून केओलिन या पांढऱ्या मातीत घडवलेल्या मूर्ती सापडल्या आहेत, आणि तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या जवळून पाहता येतात. या सगळ्या परंपरेचा परामर्श घेणारा ‘मास्टरपीसेस ऑफ इंडियन टेराकोटाज’ हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी लिहिला, याचाही येथे उल्लेख करणे उचित होईल.

गुप्तकाळात मातीच्या शिल्पाने घराची भिंत सोडून देवळाच्या भिंतीवर जागा घेतली. विटांची मंदिरे बांधली जाऊ लागली आणि विटा व शिल्प एकाच मातीचे, एकाच भट्टीतले असल्यामुळे दोहोंचा मेळ उत्तम बसला. कानपूर जिल्ह्यातील भितरगाव येथील इ.स. पाचव्या शतकातील मंदिराच्या बाहेरील कोनाड्यांत पौराणिक प्रसंगांचे मोठे फलक बसवलेले होते. त्यांपैकी शेषशायी विष्णूचा फलक कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे, तर दुसऱ्या एका फलकावर लाडवांचे भांडे घेतलेला गणपती आणि ते त्याच्याकडून हिसकावू पाहणारी आकृती अशी झटापट रंगली आहे. बरेली जिल्ह्यातील अहिच्छत्र येथील शिवमंदिराच्या जिन्याच्या दोन्ही अंगांना मकरावर उभी असलेली गंगा आणि कासवावर उभी असलेली यमुना अशा जवळजवळ माणसाच्या उंचीच्या मूर्ती होत्या. त्या आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एवढी मोठी मूर्ती साच्यातून काढता येत नाही. ती हाताने, आतून पोकळ ठेवून, टप्प्याटप्प्याने चढवावी लागते, खालचा भाग वरच्या भागाचे वजन पेलण्याइतका घट्ट होईपर्यंत थांबावे लागते, आणि तरीही वाकण्याची धास्ती असतेच. अहिच्छत्रच्या कारागिरांनी ते साधले, इतकेच नव्हे तर वस्त्राच्या चुण्या आणि ओठांची किंचित मुरड दगडालाही सहज साधणार नाही इतक्या मऊपणाने उतरवली. घनदाट कुरळ्या केसांचे जे पार्वतीचे मस्तक तेथे मिळाले, ते भारतीय शिल्पातील उत्तमोत्तम कृतींच्या पंक्तीत ठेवण्याच्या योग्यतेचे आहे.

याच युगाच्या नाटकातही मातीची आकृती केवळ शोभेपुरती येत नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे नावच मातीच्या गाडीवरून आले आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याशी दंगा करणाऱ्या छोट्या भरताचे मन दुसरीकडे वळवण्यासाठी एक तापसी रंगवलेला मातीचा मोर आणते आणि त्या पक्ष्याचे लावण्य पाहा म्हणून त्याला सांगते. ‘शकुंत’ म्हणजे पक्षी, आणि ‘लावण्य’ हा शब्द त्याला जोडून उच्चारताच त्यातून आईचे नाव ऐकू येते, म्हणून मुलगा आई कुठे आहे असे विचारतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या दुष्यंताला पहिला सुगावा लागतो. मोर मातीचा नसता, खेळणे म्हणून पोराच्या हाती देण्याजोगा नसता, तर ही ओळख इतक्या सहजपणे घडली नसती.

देवांच्या कथा आणि पशूंच्या गोष्टी यांत मातीने कधी उच्चनीच मानले नाही, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा बांगलादेशातील पहाडपूर येथे आहे. पाल राजा धर्मपाल याच्या काळात, इ.स. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभ्या राहिलेल्या सोमपुर महाविहाराच्या मध्यवर्ती मंदिरावर दोन हजारांहून अधिक मातीचे फलक ओळीने बसवलेले होते. मंदिराच्या पायथ्याशी ६३ दगडी शिल्पे असून त्यांत कृष्णचरित्र आणि देवदेवता यांना प्राधान्य आहे. मातीच्या फलकांवर मात्र देवांच्या जोडीला शिकारी, शबर स्त्रीपुरुष, वादक, विदूषकी चाळे करणारे बुटके, हत्ती, कोल्हे, हरणे आणि पंचतंत्रातील गोष्टी यांची दाटी झाली आहे. ओंडक्यातली पाचर उपटू जाणारे आणि त्यापायी जिवाला मुकणारे माकड येथे आहे, तसेच विहिरीतील आपल्याच प्रतिबिंबावर चवताळणारा सिंहही येथे आहे. हे फलक कोणत्याही कथाक्रमाने लावलेले नाहीत. प्रदक्षिणा घालणाऱ्या भिक्षूला किंवा यात्रेकरूला एका पावलावर बोधिसत्त्व भेटे, दुसऱ्यावर माकड, तिसऱ्यावर धनुष्य ताणलेली शबरी. बौद्ध विहाराच्या भिंतीवर विष्णुशर्म्याच्या गोष्टी इतक्या मोकळेपणाने नांदतात, याचे श्रेय कारागिरांना दिले पाहिजे, कारण त्यांनी आपल्या गावातले सगळे ऐकीव भांडार बरोबर आणले आणि विहाराने ते अडवले नाही.

बंगालच्या गाळाच्या मैदानात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, आणि या उणिवेतून सतराव्या शतकात बाँकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर येथे मृण्मय कथाशिल्पाचे जे वैभव उभे राहिले, त्याला तोड नाही. तेथे जांभा दगड सापडतो, पण कोकणातल्या माणसाला सांगायला नको की जांभा सच्छिद्र आणि भरड असतो, त्याच्यावर डोळ्याची पापणी किंवा नथीचा मोती कोरता येत नाही. विष्णुपूरचे मल्ल राजे वैष्णव भक्तीकडे वळले होते आणि त्यांना कृष्णाची कथा देवळाच्या अंगाखांद्यावर हवी होती. रघुनाथ सिंह या राजाने १६४३ मध्ये पाच शिखरांचे श्यामराय मंदिर आणि १६५५ मध्ये गवताने शाकारलेल्या दोन झोपड्या जोडल्यासारखे दिसणारे जोडबांगला मंदिर बांधले; पुढे १६९४ मध्ये दुर्जन सिंहाने मदनमोहन मंदिर उभारले. ही कामे करणारे सूत्रधार हे लाकूड, दगड, माती आणि चित्र अशा चारही माध्यमांत वाकबगार होते. माती अर्धवट सुकून चामड्यासारखी घट्ट झाली की ते तिच्यावर बांबूच्या आणि लोखंडाच्या हत्यारांनी कोरीव काम करत. त्यामुळे या फलकांवरील रेषेत लाकडाच्या कोरीव कामाची धार आहे आणि पृष्ठभागाला मातीचा मऊपणा आहे.

श्यामराय मंदिरावरील रासमंडलाचा फलक थोडा वेळ थांबून पाहण्यासारखा आहे. मध्यभागी राधा-कृष्ण आणि त्यांच्याभोवती एकात एक अशी नाचणाऱ्यांची वर्तुळे. प्रत्येक गोपीला कृष्ण आपल्याच शेजारी आहे असे वाटले, हे भागवतातील रासाचे मर्म आहे, आणि ते सांगायला शब्दांना बरीच यातायात करावी लागते. कारागिराने गोपी आणि कृष्ण यांच्या आकृत्या हातात हात देऊन आळीपाळीने फिरवल्या, आणि वर्तुळाला सुरुवात किंवा शेवट नसल्यामुळे कोणता कृष्ण पहिला हा प्रश्नच उरला नाही. मदनमोहन मंदिरावर नऊ स्त्रियांची शरीरे एकमेकींत गुंफून हत्तीचा आकार साधणारी ‘नवनारीकुंजर’ ही रचना आहे, आणि त्या हत्तीवर कृष्ण स्वार झाला आहे. जोडबांगल्याच्या भिंतींवर शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. बंगालच्या अनेक मंदिरांत दर्शनी कमानीच्या वर लंकेचे युद्ध जुंपलेले दिसते, तर अगदी खालच्या पट्ट्यांत शिकारीला निघालेले जमीनदार, नौका आणि टोपीवाले फिरंगी सैनिक यांची मिरवणूक चाललेली असते. पुराण वर आणि चालू काळ खाली अशी ही मांडणी आहे, आणि दोन्हींची माती एकच आहे.

पुढे १७५२ मध्ये पूर्ण झालेल्या दिनाजपूरजवळील कांतजी मंदिरात ही परंपरा कळसाला पोहोचली. त्याच्या भिंतींवर सुमारे १५,००० फलक आहेत. त्याची नऊ शिखरे १८९७ च्या भूकंपात कोसळली आणि फलक मात्र बहुतांशी वाचले. या मंदिरांचा खरा शत्रू भूकंपाहून संथ आहे. जमिनीतील ओल विटांतून वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक बनून फुगतात, आणि फलकाचा पापुद्रा सुटून आधी नाक जाते, मग बोटे, मग चेहरा. बंगालच्या खेड्यापाड्यांतली अशी शेकडो मंदिरे पायी आणि सायकलने हिंडून छायाचित्रांत नोंदवून ठेवणारा इंग्रज अभ्यासक डेव्हिड मॅककचन १९७२ मध्ये कोलकात्यात अकाली वारला, आणि त्याने टिपलेल्या कित्येक फलकांचे आज केवळ ते छायाचित्रच उरले आहे.

राजस्थानात नाथद्वाऱ्याजवळ, बनास नदीच्या काठी असलेल्या मोलेला या गावात ही कला अजून पूजेशी जोडलेली आहे. तेथील कुंभार नदीची माती गाढवाच्या लिदीत मळून सपाट फलक थापतात आणि त्यावर हाताने घोड्यावर बसलेला देवनारायण, भैरव किंवा नागदेवता उभारतात. दूरच्या आदिवासी गावांतून लोक आपल्या भोप्याला, म्हणजे पुजाऱ्याला, बरोबर घेऊन येतात, मूर्ती निवडतात आणि वाजतगाजत आपल्या देवस्थानात नेतात. देवनारायणाची लोकगाथा रात्र रात्र गायली जाते, म्हणून मोलेल्याच्या कुंभाराला फलकावर घोडा आणि साप एवढीच खूण पुरते, जशी कौशाम्बीच्या कुंभाराला ओघळणारी नाणी पुरली.

जेथे गाणारे आणि सांगणारे उरले नाहीत तेथे काय होते, हे पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावच्या उत्खननात दिसले. इ.स.पू. सुमारे १३०० च्या, म्हणजे ताम्रपाषाण युगातील एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची एक लंबगोल पेटी पुरलेली आढळली. तिच्या आत एक स्त्रीमूर्ती होती, आणि झाकणावर मस्तक नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल ठेवलेला होता. त्या स्त्रीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते, आणि त्यांत काडी बसवली की ती बैलावर उभी राहत असे. या मूर्ती भाजलेल्या नव्हत्या, पाण्याच्या एका लोटाने त्यांचा चिखल झाला असता. जमिनीच्या पोटात, कोरड्या अंधारात त्या तीन हजारांहून अधिक वर्षे राहिल्या. अभ्यासकांनी या स्त्रीमूर्तींचा संबंध मातृदेवतेशी आणि अपत्यांच्या रक्षणाशी जोडला आहे. पेटीतली स्त्री कोण, झाकणावरची तिची कोण लागत होती, हिला मस्तक का दिले नाही आणि बैलावरून ती कोठे निघाली होती, हे त्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असणार. जमीन सारवताना त्या जागेवरून हात फिरवणाऱ्या बाईने ते त्यांना नक्कीच सांगितले असेल.